पाठ केलेलं भांडण

आमच्या कुरखेड्याच्या समुपदेशन केंद्रात नवराबायकोला आधी वेगवेगळं बसवतो, मग एकत्र. खऱ्या भांडणात दोघांच्या गोष्टी कधीच जुळत नाहीत. तो म्हणतो ती माहेरी निघून गेली, ती म्हणते यानंच हाकललं. वर्षानुवर्षं हेच ऐकत आलेय, त्यामुळे गोष्टी जुळल्या की माझे कान टवकारतात.

प्रफुल आत आला नि घडाघडा बोलला, "मॅडम, एका घरात आमचं पटत नाई. चूल वेगळी झाली तरच आमी नांदू." मग त्याची बायको दिव्यानी आली. तीच वाक्यं, त्याच क्रमानं. भाताच्या रोवणीच्या दिवसांत यानं ताट फेकल्याचा प्रसंगही तसाच, वरण कोणत्या भिंतीवर उडालं तेसुद्धा जुळलं! दुपारी खिडकीतून पाहिलं, तर हे जन्माचे वैरी पळसाखाली एकाच डब्यात जेवत होते आणि ती त्याच्याकडे लोणचं सरकवत होती.

मला रागही आला नि उत्सुकताही वाटली. खोटं भांडण घेऊन कुणी इतक्या लांब कशाला येईल? दोघांना समोर बसवलं आणि विचारलं, "ते फेकलेलं ताट उचललं कोणी?"

"मी," प्रफुल म्हणाला.

"आईनं," दिव्यानी म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं. "भांडण नाई जी मॅडम. लग्न होऊन दोन वर्सं झाले, आई मले चुलीपाशी बसूच देत नाई. मी पाहुणीवानी खातो. मले माह्या हातानं रांधाचं आहे."

"मग आईला सरळ सांगता येत नाही?" मी प्रफुलवर खेकसले.

"एकुलता एक पोरगा विधवा मायले टाकून वेगळा निघाला, असं गाव म्हणन. तुमी सांगतलं त कोणी बोलत नाई."

म्हणजे खापर माझ्या माथी! बाहेर बाकावर बसलेल्या त्याच्या आईला, आशाबाईंना, आत बोलावलं. विषय कसा काढावा या विचारात होते, तर त्याच म्हणाल्या, "करा यायले वेगळं. दोघं भांडण पाठ करून राह्यले होते, मी कुडाआडून सारं ऐकलं. आमच्या घरी ताट कोणी फेकलंच नाई."

"मग सुनेला चूल का देत नाही?"

त्या पदराचं टोक चाळवत राहिल्या. "चूल दिली त माह्यापाशी राह्यते काय? नवरा गेल्यापासून रांधतो, वाढतो, तेवढंच त आहे. नवी चूल मांडा, पण पहिला विस्तव माह्या चुलीतला न्या. आमच्या घरची रीत आहे."

प्रफुल खाली बघत होता. दिव्यानीनं मांडीवरच्या रिकाम्या डब्याकडे पाहिलं. सकाळी तो आशाबाईंनीच भरला होता.

"आई, तुमी जेवल्या का?"

आशाबाईंनी नकारार्थी मान हलवली. डब्यात दोघांपुरतंच होतं.

दिव्यानी उठून त्यांच्या शेजारी बसली. "विस्तव तुमच्याच चुलीतला नेतो. पण पहिला भात तुमी खासान, अन् मी वाढीन."

आशाबाईंनी डोळे पुसले.

"भातात पानी जास्त टाकून गिल्ला नको करजो," त्या म्हणाल्या.