मार्चच्या पानावरचा सुळका

समुद्रातून आग निघाली, त्यानंतरच्या तिसऱ्या वर्षाची ही गोष्ट. आमच्या बेटाच्या दक्षिणेला आधी धूर, मग राख आणि मग एक अख्खं नवं बेट पाण्यातून वर आलं. तिथले कॉड मासे उकडूनच वर येतात, आपण नुसतं लोणी लावायचं, असं मी पोस्टातल्या बाईला सांगितलं. तिनं ते राजधानीतल्या बहिणीला पत्रानं कळवलंसुद्धा. दोन हिवाळ्यांत समुद्रानं ते बेट खाऊन टाकलं. मुळं तेवढी पाण्याखाली राहिली, आणि ती नेमकी कुठं, हे कुणालाच माहीत नव्हतं.

इस्लेफ सोडून. इस्लेफ आमचा तांडेल, आणि मी त्याच्या बोटीवर इंजिन सांभाळायचो. त्या बुडालेल्या खडकाच्या बाहेरच्या अंगाला मार्चमध्ये कॉड इतका दाटायचा की टाकलेला नांगर माशांच्या पाठीवरच पडून राहायचा. बरं, थोडा बुडायचा.

जागेची खूण अशी: किनाऱ्याजवळचा काळा सुळका मागच्या डोंगराच्या खाचेत बरोबर बसवायचा, आणि तसाच तो खाचेत ठेवून बाहेर समुद्राकडे जात राहायचं. पूर्वेच्या कड्याआडून दीपस्तंभाचं टोक डोकावलं की थांबायचं. खूण इस्लेफनं आपल्या बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. दुसरी बोट जवळ आली की तो मुद्दाम रिकाम्या पाण्यात जाऊन जाळी टाकायचा आणि रेडिओवर कण्हायचा, "काही नाही रे बाबांनो, आज दोन मासे आणि एक बूट." पण तो एकटाच असं करायचा असं नाही. आमच्याकडे तांडेल रेडिओवर खरं बोलला तर लोक त्याच्या तब्येतीची चौकशी करायचे.

इस्लेफची भाची रानवेग फोटो काढायला शिकून आली होती. उन्हाळाभर ती बेटावर फिरली. काळी वाळू, दगडाचे उभे खांब, दोरावर लटकून पक्ष्यांची अंडी काढणारे लोक, सगळं तिनं टिपलं. शेवटी म्हणाली, "मामा, किनारा समुद्रातून कसा दिसतो ते मला हवंय."

इस्लेफ तिला घेऊन निघाला, पण जाळी ओढायची होती म्हणून आधी आपल्या जागेवर गेला. रानवेगनं पिशवीतून हातभर लांब भिंग काढलं आणि कॅमेऱ्याला बसवलं.

"त्यातून काय, राजधानी दिसते का?" मी विचारलं.

"तुमचं नाक दिसतंय, काका. दोन वेळा," ती म्हणाली. मग तिनं भिंग किनाऱ्याकडे वळवलं. "मामा, बोट अशीच धर. सुळका बघ कसा खाचेत बसलाय."

इस्लेफचा चेहरा मी पाहिला. काढू नको म्हणावं तर का, ते सांगावं लागणार. त्यानं बोट धरली. तिनं फोटो काढला.

तो फोटो पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर आला. मार्चचं पान. बेटावरच्या प्रत्येक स्वयंपाकघरात ते कॅलेंडर लटकलं, आणि कुणाच्याही काही लक्षात आलं नाही. पण इस्लेफला धीर निघेना. घराघरांत तो कॉफी प्यायला जाऊ लागला, आणि तो उठून गेला की मार्च गायब. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत अर्ध्या गावाला कळलं की इस्लेफ मार्च चोरतोय. मग उरलेल्या अर्ध्या गावात लोक मार्च बघायला जाऊ लागले.

केतिलच्या घरचं पान शाबूत होतं, कारण त्याची आई आल्फहेदुर कुणाला कॉफी पाजत नसे. केतिल तेव्हा पंचविशीचा, नवीन तांडेल, नवीन बोट, हाताखाली तीन खलाशी. त्यानं पान कापून सुकाणूजवळच्या काचेला चिकटवलं. सुळका खाचेत, हे त्याला कळलं. दीपस्तंभाचं त्याला कुठून कळणार. सुळका फोटोत जेवढा मोठा दिसतो तेवढा मोठा दिसेल तिथं थांबायचं, असा त्यानं हिशेब केला. सरळ हिशेब होता. फक्त त्या लांब भिंगानं मैलभर लांबचा सुळका नाकासमोर आणून ठेवला होता. आणि फोटोत सुळक्याच्या पायाशी एक पांढरी रेघ होती. किनाऱ्यावर फुटलेली लाट, असंच सगळे समजले. ती किनाऱ्यावरची नव्हतीच. ती बुडालेल्या खडकावर फुटलेली लाट होती, सुळक्याच्या कितीतरी अलीकडची. भिंगानं तीही सुळक्याला नेऊन चिकटवली होती.

वादळ ओसरून गेल्यावरची ती सकाळ होती. लाटांची उचल मोठी, वारा नाही. आम्ही आमच्या जागेवर जाळी ओढत होतो. आमच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये, सुळक्याच्या बरोबर पुढ्यात, केतिलची बोट दिसली. तो जाळी सोडत होता.

रेडिओ खरखरला. "नमस्कार, म्हातारबा. सुळका खाचेत बसला. मार्च महिना छान आहे."

इस्लेफनं हातातलं सगळं टाकलं आणि रेडिओ उचलला. "केतिल, तू खडकावर आहेस. जाळी कापून टाक आणि बाहेर ये."

"बरं बरं. आणि तू रिकाम्या पाण्यात बसून काय धरतोयस, बूट?"

"अरे, मासे इथं आहेत, माझ्याखाली. दीपस्तंभ दिसेपर्यंत बाहेर ये."

हे तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. वीस वर्षं तांडेलकी केलेल्या माणसानं आपली जागा उघड्या रेडिओवर सांगितली. दुसऱ्या कुठल्यातरी बोटीवरून कुणीतरी म्हणालं, "इस्लेफ, ताप आहे का तुला?" मग हशा पिकला. तीन-चार बोटींवरून.

"पाणी काळं, खोल दिसतंय ना, ते फसवं आहे," इस्लेफ म्हणाला. "मोठी लाट आली की तिथं फुटते. केतिल, माझं ऐक रे."

"ऐकतोय ना. आवाज अगदी रडका काढलायस. छान जमलंय."

इस्लेफनं रेडिओ माझ्या हातात दिला. "तू सांग."

"केतिल," मी म्हणालो, "हा खरं बोलतोय."

त्यावर तर हसून हसून कुणाला तरी ठसका लागला. केतिलही हसत होता. "उकडलेल्या कॉडवाले काका," तो म्हणाला, "तुम्ही सांगताय म्हणजे—"

लाट आमच्या बोटीखालून गेली तेव्हा आम्हाला फक्त उचलल्यासारखं वाटलं. पुढं जाऊन ती उभी राहिली. आधी हिरवी, मग पांढरी. ती बसली तेव्हा सुळका होता, खाच होती, बोट नव्हती. आम्ही जाळी कापून गेलो, जाता येईल तितकं जवळ. एक फळी मिळाली आणि एक टोपी.

आठवड्यानं आल्फहेदुरनं आम्हाला बोलावलं. रानवेग आधीच तिथं बसली होती. टेबलावर मार्चचं दुसरं पान होतं, कुणाकडून तरी आणलेलं. आल्फहेदुरनं आयुष्यात पहिल्यांदा आम्हाला कॉफी ओतली.

"कुठं ते दाखव," ती रानवेगला म्हणाली.

रानवेगनं पांढऱ्या रेघेवर बोट ठेवलं. म्हातारी वाकून बराच वेळ बघत राहिली.

"तू त्याला सांगितलंस?" तिनं इस्लेफला विचारलं.

"सांगितलं."

"खरं सांगितलंस?"

"खरं सांगितलं. जागासुद्धा सांगितली."

ती माझ्याकडे वळली. "हा खरं बोलतोय?"

"हो," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग इस्लेफकडे, मग पुन्हा माझ्याकडे. दारात कोंबड्या विकायला आलेल्या दोघांकडे बाई जशी बघते तशी.

"बंदरावर म्हणतात, त्या वेळी रेडिओवर सगळे हसत होते," ती म्हणाली. "माणूस मरणार आहे हे खरंच सांगितलं असतंत तर कुणी हसलं असतं का?"

कॉफी आम्ही तशीच ठेवली. निघताना मी मागं वळून पाहिलं तर ती ते पान खिळ्याला अडकवत होती. बाहेर एप्रिल चालू झाला होता.