खुंटीवरचं निळं रीळ

नणंदेच्या जिवाचं पाणीपाणी झालं. तिच्या नक्षीचं पहिलंच स्वेटर. निळ्या बाहीवर लाल फूल कसं छान उमटलं, आणि फूल संपताच विणायचं मशीन अडलं. पडद्यावर अक्षरं आली : 'रंग' हे नाव माहीत नाही. चारला दुकानाच्या मालकीणबाई येणार; नमुना पसंत पडला तरच पुढचं काम.

"माहीत नाही म्हणे! बाहीच्या सुरुवातीलाच सांगितलंय की मेल्याला, रंग निळा!"

"त्याला नको, मला बोल," वहिनी म्हणाली. नक्षी लिहायची भाषा तिचीच, आणि ती मशीनला उलगडून सांगणारा कंपायलरही तिनंच लिहिलेला.

"जाऊ दे गं. फुलातल्या लाललाही मी 'रंग'च म्हटलंय, त्याला दुसरं नाव देते. मिटलं."

"आज मिटेल. उद्या फूल काढणारीनं काय अख्ख्या बाहीतली नावं धुंडाळत बसायचं? फुलात फुलाचं राज्य, बाहीत बाहीचं. ते सांभाळणं माझं काम, बाईसाहेब, तुमचं नव्हे."

तीन वाजून गेलेले. सोपी वाट पायाशी, आणि ही बाई तिच्याकडे बघेना! नणंदेला खरं तर राग यायला हवा होता, पण कौतुकच दाटून आलं.

वहिनीनं भिंतीतल्या खुंटीवर निळं रीळ अडकवलं. "ही 'रंग' नावाची खुंटी. फूल सुरू झालं, तिथंही 'रंग'." वर लाल रीळ चढलं. "मशीननं विचारलं की वरचं द्यायचं. फूल संपलं की?"

"वरचं काढायचं. खाली निळं आहेच."

वहिनीनं कपाळावर हात मारला. "आणि मी रीळ काढायचं सोडून खुंटीच उपटत होते! नावांच्या तक्त्यातून 'रंग' पार पुसून टाकला. निळं राहणार कुठून?"

मग कळफलकावर तिची बोटं अशी चालली, जशी जात्यावर ओवी चालावी. आत शिरताना चढव, बाहेर पडताना फक्त वरचं उतरव. मशीन घरघरलं. लाल फूल मिटलं, आणि पुढची ओळ आली ती निळीच.

मालकीणबाईंनी बाही उलटसुलट करून पाहिली, फुलाच्या कडेवरून अंगठा फिरवला. "सुरेख. अशी आणखी फुलं काढाल?"

"हवी तेवढी," नणंद म्हणाली, "नावाची काळजी नाही आता."

त्या गेल्यावर खुंटीवरचं लाल रीळ उतरवताना ती गुणगुणली :

खुंटीवर रीळ, रिळावर रीळ,
वरचं गेलं फुलाला, खाली माझी नीळ.

"आणि वहिनी कुठंय त्यात?" वहिनीनं विचारलं.

"खुंटी कोण मग?"