बानूबाईंच्या उजव्या हाताखाली

मी एक जुना स्पीड कंट्रोलर आहे. तळहातावर मावेल एवढा हिरवा बोर्ड, त्यावर एक टायमर, वीज चालू-बंद करणारा काळ्या अंगाचा एक मॉस्फेट आणि फिरवायचे एक बटण. मित्रांनो, माझा जन्म सणसवाडीतल्या एका भाड्याच्या खोलीत झाला. तिथल्या कारखान्यात काम करणाऱ्या मोनिकाने मला जोडले, ते निमोणे गावच्या तिच्या आजीसाठी.

आजीचे नाव बानूबाई. मेंढ्या राखण्यात आणि लोकर कातण्यात त्यांचे आयुष्य गेले. मग उजव्या हाताला लकवा मारला. डावा हात अजून धागा ओढत होता, पण चरख्याचे चाक फिरवणार कोण? बानूबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागल्या. हात हलवत राहा, असे डॉक्टर सांगत. त्या ऐकत नसत.

मोनिकाने चरख्याच्या चाकाला दोरीने गाडीच्या वायपरची मोटर जोडली. बॅटरी जोडताच चाक असे सुटले की धागा तटकन तुटला.

"मोने, ह्यो चरखा हाय का गिरण? काढ ते!"

मग तिने विजेचा जोर उतरवला. चाक हळू फिरू लागले, पण धागा ताणला की थबके. तेव्हा तिने मला घडवले. मी विजेचा जोर उतरवत नाही. मी वीज चालू-बंद, चालू-बंद करतो, इतक्या झपाट्याने की मोटरला खंड जाणवतच नाही. त्यामुळे वेग कमी असला तरी प्रत्येक ठोक्यात पूर्ण ताकद असते.

माझे बटण मोनिकाने आजीच्या उजव्या हाताखाली ठेवले.

"आजी, वेग तू ठरवायचा."

"ह्या मेल्या हातानं?"

"त्याच हातानं."

बोटे हलेनात. बानूबाईंनी मनगटाने मला ढकलले. चाक संथपणे फिरले आणि धागा तुटला नाही! पुढे मनगटाच्या जागी अंगठा आला. शेजारच्या आक्काबाई मुद्दाम बघायला येत. मला फार अभिमान वाटे.

एकदा मोनिकाच्या वडिलांनी, मल्हारीआप्पांनी, फवारणीसाठी बॅटरी नेली आणि परत जोडताना वायरी उलट्या लावल्या. मी क्षणात तापलो. धूर निघाला.

"जळलं वाटतं. आये, ऱ्हाऊ दे आता."

मी फळीवर पडलो. कुंभारीण माशीने माझ्यावर मातीचे घर बांधले. त्याचे दुःख नव्हते. खाली बानूबाईंचा हात पुन्हा आखडत होता, ते बघवत नव्हते.

एका सकाळी त्यांनी मला खाली काढले. "मल्हारी, सणसवाडीला न्हे मला."

"आये, नवीन आणू की."

"नवं नगं. ह्याला माझा हात ठावं हाय."

मोनिकाने मला पुसून तपासले. "आप्पा, दोनच भाग गेलेत. बाकी समदं चांगलं हाय." तिने ते बदलले आणि वायरींना एकाच बाजूने बसणारी पिन लावली. मल्हारीआप्पा खाली मान घालून बघत होते. घरी त्यांनीच मला हलक्या हाताने जोडले.

मित्रांनो, वायर जोडण्याआधी तांबडी कोणती, काळी कोणती, ते नीट बघा. आणि बंद पडलेले यंत्र टाकण्याआधी त्याचे नेमके काय गेले, ते कुणाला तरी विचारा.

परवा बानूबाईंनी मोटरची दोरी काढली आणि उजव्या हाताने चाक फिरवले. थोडेच फेरे झाले. हात थरथरू लागला, तशी त्यांनी दोरी पुन्हा चढवली आणि माझ्या बटणावर अंगठा टेकवला.

"चल रं बाबा, आता तुझी पाळी."