पालटबुवांचा सातारा

भैरोबाच्या देवळापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध मृगाजिनावर पालटबुवा बसले होते. त्यांनी तांब्याचा पत्रा दोन्ही हातांनी उंच धरला. त्यावर ठसठशीत कोरलं होतं : सातारा. मग सगळ्यांदेखत त्यांनी तो पत्रा फिरवून उलटा धरला, वरची बाजू खाली. अक्षरं तीच. सातारा.

बायकांचे हात आपोआप जोडले गेले.

"माणसाचं अक्षर उलटं केलं की मरतं," बुवा म्हणाले. "हे देवाचं हाय. ह्याला वर न्हाई, खाली न्हाई. नाव जसं पालटून जाग्यावर येतं, तसा गेलेला माणूस पालटून घरी येतो. फकस्त घरच्यांचा नेम मोडता कामा नये."

लालासाहेब जगताप खांबाला टेकून ऐकत होता. सांगलीच्या शाळेत तो चित्रकला शिकवायचा. धाकटी बहीण लीलाबाई विहिरीवर चक्कर येऊन पडल्याचा निरोप मिळाला, तसा तो साताऱ्याजवळच्या या तिच्या सासरगावी धावत आला होता. तिचा नवरा नानासो पलटणीत. इटलीच्या लढाईत बेपत्ता झाल्याची तार आलेली. बुवांनी तिला नेम सांगितला होता : नवरा येईतोवर अन्न वर्ज्य, दिसाकाठी वाटीभर ताक. पोरीच्या गळ्याची हाडं वर आली होती.

सासू राहीबाई काही दुष्ट नव्हती. तिचा एकुलता एक मुलगा लढाईवर गेला होता, आणि तो येईल असं म्हणणारं कुणीतरी तिला हवं होतं. सरकारी माणसं तसं म्हणत नव्हती. बुवा म्हणत होते.

लालासाहेबाला चैन पडेना. साताऱ्यात तो जन्मला, अजिंक्यताऱ्याच्या सावलीत वाढला. ते नाव त्यानं कौतुकानं किती पाट्यांवर रंगवलं असेल! आता त्याच नावानं त्याची बहीण उपाशी मरत होती. आणि खरं सांगायचं तर पत्रा फिरला तेव्हा त्याच्याही अंगावर काटा आला होता. तेच त्याला जास्त सलत होतं.

घरी येऊन त्यानं पाटी मागितली. भर दुपारी पडवीत तो 'सातारा' काढी, पाटी उलटी करी, पुसून टाकी, उठून अंगणात फेऱ्या मारी, परत बसे. काना उलटा केला तरी काठीच राहते, तेवढं सोपं होतं. पण डोक्यावरची रेघ पाटी उलटी केल्यावर तळाला जाते, तिचं काय करायचं? मग त्याला आठवलं, बुवांच्या पत्र्यावर खालीही एक रेघ होती. त्यानं ती नक्षीची चौकट समजून सोडून दिली होती. तिथं पहिली गाठ सुटली. मधला 'त' त्यानं असा वळवला की उलटा केला तरी 'त'च दिसावा. राहिले दोन्ही टोकांचे 'स' आणि 'र'. पत्र्यावरच्या 'र'ला एक वेल चिकटलेली होती. ती शोभेची नव्हतीच. पत्रा फिरला की तीच 'स'ची आडवी रेघ व्हायची.

लीलाबाईनं पाटी हातात घेतली, फिरवली, पुन्हा फिरवली.

"दादा, हे तू काढलंस?"

"तुझ्या डोळ्यांदेखत."

तिनं पाटी खाली ठेवली. मग म्हणाली, मी खाल्लं आणि ते आले न्हाईत, तर दोष माझाच म्हणतील. तेव्हा लालासाहेबाला कळलं, नुसत्या बहिणीला पटवून भागणार नाही.

दुसऱ्या दिवशी देवळापुढं गर्दी जमल्यावर त्यानं एक पाट मागवला, खडूनं 'सातारा' काढलं आणि पाट राहीबाईच्या हातात दिला. तिनं तो फिरवला. पाट हातोहात फिरत गेला. बुवा म्हणाले, ही नक्कल हाय; देव भक्तांची परीक्षा बघायला नक्कल करू देतो.

"मग ह्या पाटानं कुणाचा पोरगा परत येईल?" लालासाहेबानं विचारलं.

बुवा देवाच्या कोपाबद्दल बोलू लागले. लालासाहेबानं तळाची रेघ आणि वेल बोटानं पुसून टाकली, पाट उलटा धरला आणि म्हणाला, आता वाचा. कुणालाच वाचता येईना. त्यानं सांगितलं, निम्मं काम ह्या रेघा करतात. उरलेलं आपलं मन करतं, कारण नाव आपल्याला आधीच ठाऊक असतं.

राहीबाई उठली.

"पावणं, म्हंजे माझा नाना येणार न्हाई?"

लालासाहेबानं पाट खाली ठेवला.

"ते मला ठाऊक न्हाई, मावशी. पण ह्या बुवांनाबी ठाऊक न्हाई. उद्या नाना आलाच, तर त्याला बायको जिती दिसाया नको का?"

राहीबाई बायकांत बसलेल्या लीलाबाईकडं वळली. मग तिनं सुनेचा दंड धरला आणि गर्दीतून वाट काढत तिला घरी नेलं. दारातच बसवून तिनं भाकरी कुस्करली, दुधात कालवली आणि पहिला घास स्वतःच्या हातानं भरवला. बुवा जत्रेचं निमित्त सांगून त्याच आठवड्यात गावातून गेले.

लढाई संपली. नानासो आला नाही. राहीबाईनं शेवटपर्यंत वाट पाहिली, पण ती वाट दोघींनी जेवूनखाऊन पाहिली. आशेला कुणाची ना नसते. पण कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी तो हातात घ्यावा, फिरवून बघावा आणि विचारावं, हे केलं कसं? आणि जो देव लेकीसुनांना उपाशी ठेवायला सांगतो, त्याच्या तोंडून कोण बोलतंय, हे तर सगळ्यात आधी बघावं.