पंपावरचं ओलं फडकं

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी मोटार आहे. कोथरूडच्या एका सोसायटीत, नव्या चकचकीत गाड्यांच्या रांगेत मी सर्वांत शेवटी उभी असते. त्या गाड्या किल्ली फिरवताच गुणगुणू लागतात. माझ्या तरुणपणी गाडीसाठी आधी नोंदणी करावी लागे आणि मग वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे.

माझे मालक रामदास यांनीही तशीच वाट पाहिली. ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला होते. ते मला क्वार्टर्ससमोर घेऊन आले, तेव्हा त्यांच्या पत्नी सुंदराबाईंनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला. “तापलीय हो पोर,” त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून मी त्या घरची झाले. त्यांच्या लेकीला, आम्रपालीला मीच शाळेत सोडलं, मीच कॉलेजात. पुढे ती संगणकाच्या कंपनीत लागली. प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, हे तिचं काम. मग सगळे कोथरूडला राहायला आले.

सुंदराबाईंचं मन मात्र खडकीतच राहिलं. दर रविवारी तिथल्या विहारात वंदनेला जायचं, हा त्यांचा नेम. पाठीचं ऑपरेशन झाल्यावर रिक्षाचे धक्के त्यांना सोसेनात. माझ्या मागच्या सीटवर उशी घेऊन त्या निवांत बसत.

नेमकी तेव्हाच मला खोड जडली. गार असताना मी चटकन सुरू होई. पण तापलेली असताना बंद केलं, की मुळीच दाद देत नसे. खडकी स्टेशनजवळ पांढरी फुलं घ्यायला थांबलं, की अडलंच.

इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपात उन्हाने पेट्रोलची वाफ होते आणि गाडी अडते, हे तेव्हाच्या प्रत्येक गाडीवाल्याला पाठ होतं. रामदास सुंदराबाईंच्या जुन्या सुती साडीचं फडकं भिजवत, त्या पंपावर गुंडाळत आणि वाट पाहत. काही वेळाने मी सुरू होई. “लागला गुण!” ते म्हणत. मी काय बोलणार? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

शेजारचे तात्याराव एकदा म्हणाले, “अहो रामदास, आपण गाडी चालवता की धुणं धुता?”

मग कडक उन्हाळ्यातल्या एका रविवारी, मी अशीच अडलेली असताना, सुंदराबाईंना मागच्या सीटवर भोवळ आली. वंदना चुकली. मांडीवरची फुलं कोमेजून गेली.

“बाबा, आता बास,” घरी आल्यावर आम्रपाली म्हणाली. “भंगारवाल्याला बोलावते.”

“अगं, मग आई खडकीला जाणार कशी?”

“नाही गेले तर नाही गेले,” सुंदराबाईच म्हणाल्या. “घरीच म्हणेन वंदना.” आणि त्या आपली उशी माझ्या सीटवरून उचलून वर घेऊन गेल्या.

आम्रपाली त्यांच्या पाठीकडे पाहत राहिली.

शनिवारी भर दुपारी ती वडिलांना घेऊन खाली आली. मला चांगली फिरवून आणली, बंद केली, थोडं थांबून किल्ली फिरवली. मी नेहमीसारखी अडले. रामदास फडकं भिजवायला निघाले.

“थांबा. आज फडकं नाही. नुसती वाट पाहायची.”

फडक्याशिवायही मी नेहमीइतक्याच वेळाने सुरू झाले. रामदास गोंधळले.

“बाबा, तुम्ही दर वेळी दोन गोष्टी करत होता,” ती हळूच म्हणाली. “फडकंही ठेवत होता आणि थांबतही होता. गुण थांबण्याचा होता.”

पुन्हा फेरी, पुन्हा अडणं. या वेळी रामदासांनी ठिणगी पाडणारा माझा एक प्लग काढला. तो पेट्रोलने ओला होता. म्हणजे पंप आपलं काम चोख करत होता! मग तो प्लग पुसून, वायरीला जोडून इंजिनाला टेकवला आणि आम्रपालीने किल्ली फिरवली. ठिणगी पडली, पण पिवळट, मरगळलेली. मी गार झाल्यावर तीच ठिणगी निळी, टणटणीत पडली.

ठिणगीला जोर देणारी कॉईल तापली की हातपाय गाळत होती. दुखत होतं ते तिथे, मित्रांनो! रामदासांनी नवी कॉईल आणून बसवली.

“इतकी वर्षं बिचाऱ्या पंपाला उगाच आंघोळ घातली,” ते म्हणाले.

“आणि माझ्या साडीचे तुकडे केलेत, ते?” गॅलरीतून आवाज आला.

रविवारी सुंदराबाई उशी घेऊन पुन्हा मागच्या सीटवर बसल्या आणि खडकी स्टेशनजवळ फुलं घेतली. खबरदारी म्हणून त्यांनी फडकं भिजवून हातात धरलं होतं. मला फार भीती वाटत होती. रामदासांनी किल्ली फिरवली आणि मी पहिल्या फटक्यात सुरू झाले.

विहारापाशी उतरल्यावर सुंदराबाईंनी हातातल्या फडक्याकडे पाहिलं. मग त्यांनी त्याच फडक्याने माझ्या काचेवरची धूळ पुसली, दिवे पुसले आणि पहिल्या दिवशीसारखा बॉनेटवर हात ठेवला. घरी परतल्यावर उशी त्यांनी मागच्या सीटवरच राहू दिली.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणी जुनं कुरकुरत असेल. त्याला टाकून देऊ नका, आणि भलतीकडे पट्टीही बांधू नका. जरा थांबून विचारा, दुखतंय कुठे? आम्हाला बोलता येत नाही. पण कुणी नीट पाहिलं, तर आम्ही सांगतोच.