स्थिर समजलेला शेजारी

माझ्या नळीला जागोजागी पोचे आले आहेत, तिपाईचा एक पायही आखूड आहे. तरी मित्रांनो, या जुन्या दुर्बिणीतून आभाळ अजून लख्ख दिसतं. एका चष्मेवाल्याने दुकानामागच्या खोलीत देवाचं नाव घेत, महिनोन् महिने काच घासून माझा आरसा घडवला.

त्याला वेड रूपविकारी ताऱ्यांचं. हे म्हणजे भगवंताच्या घरचे असे दिवे, ज्यांची वात कधी वर होते, कधी खाली. त्यांचं तेज शेजारच्या स्थिर ताऱ्याशी ताडून ठरवायचं. चष्मेवाला आणि त्याची धाकटी बहीण गच्चीवर आळीपाळीने मला डोळा लावत. दोघांचं बघून होईपर्यंत कुणी चकार शब्द काढत नसे.

एका वर्षी मात्र त्यांच्या आवडत्या ताऱ्याने घोळ घातला. ज्या निरीक्षक मंडळाला ही भावंडं आपल्या नोंदी देत, तिथले सगळे म्हणत, मंदावतोय. हे दोघे म्हणत, उजळतोय. मंडळाचे प्रमुख हसून म्हणाले, “चष्मेवाले, जगाचे डोळे तपासता, जरा स्वतःचेही बघा! आणि ताई काय, भावाचीच री ओढणार. तोवर तुमच्या नोंदी बाजूलाच राहू देत.”

माणूस खचला. माझ्यावर चादर पडली, आरशावर धूळ बसली, नळीत कोळ्याने संसार थाटला. मला वाटलं, आटोपला आपला कारभार.

एका संध्याकाळी बहीण तरातरा वर आली, भावाला ओढतच.

“दादा, रुसवा पुरे. दोघांचे डोळे काय ठरवून बिघडले?”

“मग चुकतंय कोण?”

“ज्याच्याशी ताडतोस, त्या शेजाऱ्याला कधी तपासलंस?”

“अगं, तो स्थिर आहे! इतकी वर्षं त्याच्याकडेच तर बघतोय.”

“त्याच्याकडे कुठे? त्याच्यावरून दुसऱ्याकडे बघतोयस.”

आरसा धुतला गेला. त्याने दुसरा शेजारी धरला, आणि आवडता तारा मंडळ म्हणत होतं तसाच मंद भरला. मग त्याने जुन्या शेजाऱ्यालाच आजूबाजूच्या ताऱ्यांशी ताडायला घेतलं. महिना-दोन महिन्यांत उलगडा झाला. तो शेजारी त्याहूनही भराभर विझत चालला होता, म्हणून आवडता तारा उजळ भासत होता. स्थिर कसला, तोही रूपविकारीच! चष्मेवाल्याने आभाळाकडे बघून हात जोडले. प्रमुखांनी आपल्या दुर्बिणीतून खात्री केली आणि बाजूला सारलेल्या नोंदी स्वतः मागून घेतल्या. नव्याने सापडलेल्या या रूपविकारी ताऱ्याचा मागचा सारा चढउतार त्यांतच तर होता.

मित्रांनो, कुणाचं म्हणणं चारचौघांहून वेगळं पडलं, तर त्याला गप्प करण्याआधी आपलं मापही तपासा. आणि आमचे आरसे फडक्याने खसाखसा पुसू नका, पाण्याने हळुवार धुवा. धूळ निघून जाते हो. ओरखडा जात नाही.