लाल बटणाला लावलेलं कुंकू

"मंत्रानं पंप चालला, तर रविवारी मिस्सा सुटली की चर्चच्या दारात मी दोनदा गाढवासारखा ओरडेन," शेजारचा गॅब्रिएल म्हणाला. "लबाडी निघाली, तर तू."

"लागली!" दयारामनं टाळी दिली आणि जमलेली आळी खो खो हसली.

हसायला झालं तरी काय होतं म्हणा! साल त्र्याऐंशी, मे महिना. दयारामची जुनी विहीर तळाला गेलेली, बोअरमधला नवाकोरा सबमर्सिबल पंप मुका. पानवेली पिवळ्या, केळींनी माना टाकलेल्या. पंप बसवला होता तुळशीदासनं, म्हणजे दयारामच्या बायकोच्या, विमलाच्या सख्ख्या भावानं. तोच म्हणाला, "मशीन ठणठणीत आहे भाऊजी, खाली कोणीतरी रुसलंय." आणि पाताळबाबालाही तोच घेऊन आला.

बाबानं पाइपाला कान लावला. "नागकन्या! सातव्या पाताळातून बोलतेय! म्हणते, तहानलेल्यांचं पाणी अडवलंय!"

"मराठी बरं येतं तिला," गॅब्रिएल म्हणाला.

"गप रे मेल्या!" विमला ओरडली.

मग धूप. मग ऱ्हां, ऱ्हीं, ऱ्हूं. लोकांचे पाय दुखायला लागले, पण बाबा काही संपेना. शेवटी त्यानं अंगठा कुंकवात बुडवला आणि पंपाच्या डब्यावरच्या लाल बटणावर दाबून टिळा लावला.

"दाब हिरवं!"

दयारामनं दाबलं. पाइप गुरगुरला, खोकला, आणि पांढरंशुभ्र पाणी पाटात कोसळलं! सगळ्यांचे हात जोडले गेले. दयारामला रडूच फुटलं.

आणि खट्! सगळं बंद.

"तिनं नमुना दाखवला," बाबा डोळे मिटून म्हणाला. "अर्धं पाणी टँकरला दे, म्हणजे उरलेलं तुझं."

"टँकरवाला माझ्या ओळखीचा आहे, भाऊजी," तुळशीदास लगेच म्हणाला.

अर्धं पाणी गेलं म्हणजे अर्धी केळीची वाडी वाळणार. तरी दयारामच्या ओठावर 'हो' आलं होतं.

"थांब दया. मंत्र मलापण येतो." गॅब्रिएलनं बिडी पेटवली, निवांत ओढून संपवली. मग डोळे फिरवून म्हणाला, "सुकेळी, जवळा, बोंबील, फट्!" आणि लाल बटणावर अंगठा दाबला. "दाब हिरवं."

पाणी आलं!

हसण्याचा गदारोळ थांबायच्या आत पुन्हा खट्.

"आमच्या कारखान्यात रोज पडतो हा खटका," गॅब्रिएल म्हणाला. "मोटर जास्त वीज खेचायला लागली की आतला रिले तापतो आणि वीज तोडतो. थंड झाला की आधी लाल दाबायचं, मग हिरवं. बाबाचा धूप म्हणजे रिले थंड होईपर्यंतचा टाइमपास. आणि कुंकू कशाला? बटण दाबलेलं तुम्हाला दिसू नये म्हणून. पण एवढ्यात परत का पडतो? डबा उघडा. किल्ली कोणाकडे?"

दयारामनं हात पुढे केला.

"तुळशी, किल्ली."

डब्यातल्या रिलेचा काटा सगळ्यात खालच्या आकड्यावर फिरवलेला होता. मोटरनं जरा जोर लावला की खटका पडलाच. गॅब्रिएलनं डब्यावरच्या पट्टीवर मोटरला लागणाऱ्या विजेचा आकडा वाचला आणि काटा तिथे आणला. रिले निवल्यावर लाल दाबलं, हिरवं दाबलं. पाणी आलं, आणि या वेळी थांबलंच नाही. बाबा मात्र नारळ बगलेत मारून केळीतून पसार झाला होता.

"लालला हात लावू नका, मोटर जळेल, असं तूच सांगितलंस ना मला?" दयारामनं विचारलं.

"टँकरवाला म्हणाला, तुलाही वाटा देतो..." तुळशीदास पुटपुटला.

"रोज माझ्या हातचं जेवून जात होतास रे," विमला एवढंच म्हणाली.

रविवारी चर्चच्या दारात गॅब्रिएल म्हणाला, "पैज माफ, दया. घरी चल."

"नाही." दयाराम भाजीच्या खोक्यावर चढला आणि बेंबीच्या देठापासून गाढवासारखा ओरडला. मिस्सेहून निघालेली माणसं पोट धरून हसली.

"हसा!" तो म्हणाला. "बाबा परका होता, त्याचा राग नाही. पण घरच्या माणसानं हात लावू नको म्हटलं आणि मी माझ्याच मशीनला हात लावला नाही. बाबांनो, मशीन बंद पडलं तर उघडून बघा. कळत नसेल तर चार जणांना विचारा. आणि उघडू नको असं कोणी म्हणालं, तर त्याला विचारा, का? मग तो सख्खा का असेना!"

गर्दीच्या मागे तुळशीदास मान खाली घालून उभा होता. त्याच्याकडे बघत दयाराम दुसऱ्यांदा ओरडला. या वेळी कोणी हसलं नाही.